परसांतील रानमिरची

ज्येष्ठ सरत येतो आणि देहूहून निघालेली संत तुकाराममहाराजांची पालखी बारामती मागें टाकून इंदापूर तालुक्यांत शिरते. सणसरचा मुक्काम, बेलवाडीचें गोल रिंगण आणि त्यानंतर अंथुर्ण्याचा मुक्काम, असा हा क्रम आहे. पालखीच्या वाटेवरील गांवांत त्या दिवसांत चुलींवरून भाकऱ्यांच्या चळती उतरतात, पिठलें रटरटतें आणि तव्यांत मिरचीचा ठेचा रगडला जातो. वारकऱ्याच्या हातावर भाकरी आली आणि तिच्यावर ठेचा आला, कीं जेवण पुरें झालें. अशा या मिरचीसाठीं तरी घरानें बाजाराचें तोंड पाहूं नये, ही अपेक्षा फार मोठी नाहीं. तरीही आज खेड्यांतल्या अनेक घरांत मिरची आठवड्याच्या बाजारांतून येते. मग पुण्या-मुंबईच्या घरांची गोष्ट बोलावयासच नको.

याचें कारण असें सांगण्यांत येतें, कीं मिरचीचें पीक नाजूक असतें. दर वर्षीं नवें बीं आणावें, रोपें करावींत, औषधें फवारावींत, आणि हंगाम संपला कीं झाडें उपटून टाकावींत. एवढा खटाटोप घरगुती बागेंत कोण करणार? शेतांतील संकरित मिरचीपुरतें हें म्हणणें खरें आहे. परंतु त्याच मिरचीची एक रानटी भाऊबंदकी आहे. तिला वर्षावर्षाला पेरावें लागत नाहीं, थोड्या पाण्यावर ती तग धरते आणि एकदां मूळ धरलें कीं कित्येक वर्षें झुडुपासारखी उभी राहून फळें देते. अंथुर्ण्याच्या माळावर, अथवा शहरांतील घराच्या गच्चीवर, हें झुडूप कसें नांदवतां येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या झाडाची ओळख करून घेतली पाहिजे. कोकणांत आणि गोव्यांत घरामागें, विहिरीच्या कडेला, कुंपणाच्या आडोशाला कंबरेएवढें एक झुडूप दिसतें. त्याच्या फांद्यांवर बोटाच्या पेराएवढ्या बारीक मिरच्या आभाळाकडे टोंक करून उभ्या असतात. हिला बहुधा लवंगी म्हणतात. केरळांत तिच्याच जातीची मिरची कांथारी या नांवानें प्रसिद्ध आहे. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव कॅप्सिकम फ्रुटेसेन्स, म्हणजे झुडपी मिरची. बाजारांत मात्र लवंगी या नांवाखालीं शेतांतील लांबट मिरचीही विकली जाते, म्हणून नांवावर न जातां झाडाकडे पाहावें. फळ उभें असावें, पिकल्यावर लालभडक होऊन हलक्या हातानें देठापासून सुटावें, आणि झाडाचें खोड दुसऱ्या वर्षीं लांकडासारखें टणक व्हावें, या तिच्या खुणा होत.

या तीन खुणांचा अर्थ पाहण्यासारखा आहे. रानांतील मिरचीचें फळ लहान, उभें आणि सहज गळणारें असतें, कारण तें पांखरांना दिसावें व पांखरांनीं उचलून न्यावें, अशी निसर्गाची योजना आहे. माणसानें मिरची शेतांत आणली, तेव्हां त्याला याच्या उलट गुण हवे होते. फळ मोठें असावें, पानांखालीं लोंबतें राहावें म्हणजे पक्ष्यांच्या नजरेस पडूं नये, आणि तोडल्याखेरीज गळूं नये. पिढ्यान्‌पिढ्या अशाच झाडांचें बीं राखून शेतांतील मिरची तयार झाली. ती माणसाला सोयीची झाली खरी, परंतु त्या बदल्यांत माणसावर अवलंबून राहिली.

येथें एक शंका उपस्थित होईल. हिला देशी म्हणावें कीं नाहीं? काटेकोरपणें पाहिलें, तर मिरचीचा कोणताही प्रकार मूळचा हिंदुस्थानांतील नव्हे. तिची जन्मभूमि अमेरिका. १४९२ साली कोलंबस तिकडे पोंचेपर्यंत आशियांतील व युरोपांतील कोणाच्याही जिभेला मिरचीची ओळख नव्हती. आपल्याकडे तिखटपणा होता तो मिरीचा, पिंपळीचा आणि सुंठीचा. १५१० साली पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें आणि त्यांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकांत ही नवी वस्तु पश्चिम किनाऱ्यावर उतरली. लोकांनीं तिला मिरीची धाकटी बहीण मानून मिरची म्हटलें. पुढें ती घाट चढली आणि अशी रुळली, कीं दृष्ट काढावयास मीठ-मिरच्या, दारावर टांगावयास लिंबू-मिरची आणि राग आलेल्या माणसाच्या नाकाला झोंबावयासही मिरचीच! ज्या पाहुणीवांचून घरांतील एकही विधि पुरा होत नाहीं, तिला परकी म्हणण्याचें धाडस कोण करील? नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची आणि गोव्यांतील खोल्याची मिरची यांना तर कायद्यानें भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

खऱ्या अर्थानें रानची असलेली मिरची मेक्सिकोंत आणि अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर अजून डोंगरउतारावर उगवते. तिला तेथें चिल्टेपिन म्हणतात. फळ वाटाण्याएवढें गोल. नांवाचा मूळ अर्थ तेथील नाहुआत्ल भाषेंत पिसूमिरची असा सांगतात, कारण ती लहान आणि चावरी. टेक्सस राज्यानें १९९७ साली तिला राज्याची मूळ मिरची म्हणून मान दिला, आणि १९९९ साली ॲरिझोनांतील टुमाकाकोरीच्या डोंगरांत तिच्या रक्षणासाठीं सरकारी वनाचा एक भाग राखून ठेवण्यांत आला. वाघासाठीं, हत्तीसाठीं राखीव जंगल असतें, हें सर्वांस ठाऊक आहे. मिरचीसाठीं जंगल राखावें, हें मात्र नवलच. परंतु त्यामागील विचार सरळ आहे. शेतांतील मिरचीवर उद्यां एखादा नवा रोग आला, तर त्याला तोंड देण्याची शक्ति कदाचित् याच रानटी नातलगांच्या रक्तांत सांपडेल.

या रानमिरचीनेंच एक जुनें कोडें सोडविलें. पूर्वी वाड्यांच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा असे आणि घरांतील मुलें त्याला हिरवी मिरची देत. मुलाच्या डोळ्यांत जिच्यामुळें पाणी येई, ती मिरची पोपट मिटक्या मारीत खाई. आज पोपट पाळण्यास कायद्यानें बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या वेळचा प्रश्न राहिलाच होता. १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मज्जातंतूंवरील तो ग्राहक शोधून काढला, ज्याच्यावर मिरचीतील कॅप्सेसिन हें द्रव्य जाऊन आदळतें. हाच ग्राहक भाजणाऱ्या उष्णतेचीही वर्दी देतो, म्हणून तोंड भाजल्यासारखें वाटतें. या शोधाबद्दल ज्यूलियस यांस २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पक्ष्यांच्या शरीरांतील हा ग्राहक कॅप्सेसिनला दादच देत नाहीं. पोपटाचें शौर्य तें एवढेंच!

याचा झाडाला उपयोग काय? २००१ साली ट्यूक्सबरी आणि नाभन या दोन शास्त्रज्ञांनीं ॲरिझोनांत त्याचें उत्तर मिळविलें. उंदरांच्या जातीच्या प्राण्यांना तिखट नसलेली मिरची खावयास दिली, तेव्हां त्यांच्या पोटांतून गेलेलें एकही बीं उगवलें नाहीं; तिखट मिरचीला तर त्यांनीं तोंडच लावलें नाहीं. उलट, पक्ष्यांच्या पोटांतून आलेलें बीं चांगलें उगवलें. म्हणजे तिखटपणा ही झाडाची निवड आहे. दांतांनीं बीं चावणाऱ्याला दूर ठेवावें आणि अख्खें गिळून दूर नेणाऱ्याला बोलवावें. आपल्याकडे हें काम लालबुड्या बुलबुल उत्तम करतो. पोपट मात्र चोंचीनें बीं फोडतो, त्यामुळें तो पाहुणा खरा, पण पेरणारा नव्हे.

पक्षी फळ खातो आणि एखाद्या झाडावर जाऊन बसतो. बीं पडतें तें त्या झाडाच्या सावलींत. म्हणून मेक्सिकोंतील रानमिरची उघड्या उन्हांत क्वचितच सांपडते. मोठ्या झुडुपाच्या आडोशाला, दाईच्या मांडीवर मूल वाढावें तशी ती वाढते. ही दाई तेथें अनेकदां मेस्कीट नांवाची काटेरी जात असते. इंदापूरच्या माळावर जी वेडी बाभूळ माजली आहे, ती याच मेस्कीटची सख्खी नातलग. एकाच मुलखांतून आलेल्या या दोघीजणी येथें पुन्हां शेजारीं येऊं शकतील, अशी कल्पना कोणाच्याही मनांत येईल. परंतु तो मोह टाळावा. वेडी बाभूळ आपल्या पानांतील द्रव्यांनीं खालच्या रोपांची वाढ खुंटविते आणि पाणीही ओढून घेते. त्यापेक्षां शेवगा, बोर किंवा डाळिंब यांची विरळ सावली बरी. झाड नसेल, तर सकाळचें ऊन मिळून दुपारीं सावली पडेल, अशी घराच्या पूर्वेकडील भिंत पुष्कळ झाली.

आतां जमिनीचा विचार. अंथुर्णे हें गांव भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत आहे. पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाचा पाऊस पांचशे मिलिमीटरच्या आगेमागे, तोही लहरी. नीरा डाव्या कालव्यानें या भागांत ऊंस आणला, साखर कारखाने आणले, आणि त्याबरोबर अतिपाण्याचें दुखणेंही आणलें. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर शेतकी खात्याची पत्रिका प्रसिद्ध केली होती. यावरून हें दुखणें किती जुनें आहे, तें कळतें. एकाच गांवांत कालव्याखालीं काळी, चिकट, कधीं मीठ फुटलेली जमीन, आणि वरच्या अंगाला उथळ मुरमाड माळ, असे दोन प्रकार असतात. शेतकरी पहिलीला भाग्यवान आणि दुसरीला करंटी समजतो. रानमिरचीचा हिशेब मात्र उलटा आहे. तिला पाण्याची कमतरता सोसते. मुळाशीं पाणी सांचलेलें मुळींच सोसत नाहीं. मीठ फुटलेल्या जमिनींत तिची पानें कडेनें करपतात. मुरमाड जागेंत दोन-अडीच फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यांत पोयटा आणि कुजलेलें शेणखत निम्में-निम्में मिसळून भरलें, म्हणजे तिची सोय झाली. काळ्या जमिनींत लावावयाची झाल्यास वीतभर उंचीचा गादीवाफा केल्यावांचून लावूं नये.

लागवडीचें वेळापत्रक लक्षांत ठेवण्यास सोपें आहे: गुढीपाडव्याला बीं आणि पालखीला लावणी. पूर्ण पिकलेलीं, लाल फळें घ्यावींत. हिरव्या फळाचें बीं कच्चें असतें. बीं काढून सावलींत वाळवावें आणि पेरण्यापूर्वीं रात्रभर कोमट पाण्यांत भिजत ठेवावें. रानटी बीं आळशी असतें. शेतांतील मिरची आठ-दहा दिवसांत उगवते, तर हिला तीन-चार आठवडेही लागतात; आणि सारीं बियाणीं एकदम उगवतील अशी आशाही धरूं नये. पावसाचा भरवसा नसलेल्या रानांत सगळीं मुलें एकाच दिवशीं घराबाहेर न काढण्याचें हें शहाणपण आहे. म्हणून पहिल्या पंधरवड्यांत कुंडी ओतून देण्याची घाई करूं नये. चैत्राची ऊब उगवणीस अनुकूल असते. फक्त माती ओलसर राहावी आणि वर गोणपाटाची किंवा वाळक्या फांद्यांची सावली असावी. पाणी अति झालें, तर कोंवळीं रोपें जमिनीलगत कुजून कोलमडतात.

पालखी पुढें गेली, पहिल्या पावसानें जमीन निवली, कीं वीतभर उंचीचीं रोपें कायमच्या जागीं लावावींत. दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवावें. वांगीं, टोमॅटो किंवा मिरची यांचें पीक नुकतेंच निघालेल्या जागेवर हीं रोपें लावूं नयेत, कारण या सर्वांचें कूळ एक आणि रोगही पुष्कळसे एकच. लावल्यावर आळ्यांत चार बोटें जाडीचें आच्छादन घालावें. बारामती-इंदापूर भागांत या कामाला उसाच्या पाचटासारखी दुसरी वस्तु नाहीं. जें पाचट शेतांत पेटवून दिलें जातें, तेंच झाडाच्या बुंध्याशीं पसरलें, तर ओल टिकते, तण दबतें आणि वर्षभरानें त्याचें खत होतें. पहिलें वर्षभर आठवड्यांतून दोनदां पाणी लागतें. पुढें मुळें खोल गेल्यावर हिंवाळ्यांत आठवड्यास एक तांब्या-कळशी पुरते. भांडीं विसळल्याचें पाणी चालतें. साबणाचें आणि खारट पाणी देऊं नये.

वैशाखांत पारा चाळिसाच्या वर गेला, कीं फुलें गळतात. त्यानें घाबरून जाऊन खताचा मारा करूं नये. झाड विसावा घेत असतें. पावसाळ्याच्या तोंडीं वाळक्या आणि गुंतलेल्या फांद्या छाटून ओंजळभर शेणखत दिलें, म्हणजे नवी फूट येते आणि श्रावणापासून फळ सुरू होतें. रोग या झाडालाही येतात. तें काटक आहे, अमर नाहीं. पानें वरच्या बाजूस वळलीं तर फुलकिडे, खालीं वळलीं तर कोळी, असें समजावें आणि पांच टक्के निंबोळी अर्क सायंकाळीं फवारावा. पानें बारीक होऊन सारें झाड आखडलें, तर तो चुरडा-मुरडा. पांढरी माशी तो पसरविते आणि त्याला औषध नाहीं. असें झाड मन घट्ट करून उपटावें, नाहींतर तें शेजाऱ्याचीही मिरची घालवील.

शहरांत परस नाहीं, ही तक्रार खरी असली तरी अडचण लहान आहे. एक फूट तोंडाची मातीची कुंडी, तळाला मोकळें भोंक, त्यावर खापराचे तुकडे आणि पाच-सहा तास ऊन मिळणारा सज्जा, एवढें पुरतें. कुंडी लवकर सुकते, म्हणून उन्हाळ्यांत रोज थोडें पाणी द्यावें आणि दोन वर्षांनीं माती बदलावी.

फळांच्या बाबतींत मात्र सावधगिरी हवी. मूर्ति लहान असली, तरी साध्या मिरचीच्या कित्येक पटींनीं हिचा दाह अधिक आहे. भाजीला चार मिरच्या घालणाऱ्या गृहिणीनें हिची एकच घालून पाहावी. तिखटपणा बियांत असतो, ही समजूत बरोबर नाहीं. तो बियांना धरून ठेवणाऱ्या आंतील पांढऱ्या गाभ्यांत असतो. मिरच्या तोडल्यावर हाताला तेल लावून मग साबणानें धुवावें, कारण हें द्रव्य नुसत्या पाण्यानें जात नाहीं; तेलांत आणि दुधांत तें उतरतें. तोंड पोळलें असतां पाण्यापेक्षां दूध किंवा ताक कामास येतें, त्याचें कारण हेंच. लहान मुलांच्या हाताला लागेल, अशा जागीं झाड नसावें. मिठांत आणि लिंबाच्या रसांत मुरविलेल्या या मिरच्या पुष्कळ दिवस टिकतात. वाळवून ठेवल्या, तर वर्षभर फोडणीला पुरतात. एका झाडाची मिरची चार माणसांच्या घराला सहसा उरते, आणि उरलेली शेजारीं जाते.

शेवटीं जी गोष्ट राहिली, तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे बीं. बाजारांतील संकरित मिरचीचें बीं घरीं धरलें, तर पुढल्या पिढींत आईबापांचे गुण विखुरतात. म्हणून शेतकऱ्याला दर वर्षीं पुडी विकत घ्यावी लागते. ज्या घरांत पूर्वीं कपाटाच्या कोपऱ्यांत राखेंत घोळलेलें बीं असे, तेथें आतां दुकानाची पावती असते. पुडीची मिरची अधिक पिकते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु घरचें बीं एकदां गेलें, तर तें कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं, आणि त्याबरोबर त्या मातीशीं, त्या उन्हाशीं शेंकडो वर्षें जुळवून घेतलेला एक स्वभावही जातो. अशा झुडुपाचें बीं राखणें अवघड नाहीं. एका फांदीवर कळ्या असतांनाच मलमलीची पिशवी बांधावी, म्हणजे मधमाश्या दुसऱ्या मिरचीचा पराग आणणार नाहींत. त्या फांदीचीं पिकलेलीं फळेंच बियाण्याला ठेवावींत आणि दोन घरीं तरी वांटावींत. एका घरचें झाड गेलें, तर दुसऱ्या घरीं तें राहतें. परदेशीं असलेल्या नातलगांनीं मात्र चिल्टेपिनचें बीं पाकिटांतून धाडूं नये. परवान्यावांचून आणि तपासणीवांचून बियाणें आणण्यास २००३ सालच्या वनस्पति-विलगीकरण आदेशानें मनाई आहे, आणि बियांबरोबर रोग येतो, हें त्याचें कारण रास्त आहे. कोकणांतील किंवा गोव्यांतील ओळखीच्या घरचीं चार पिकलीं फळें या कामाला पुरेशीं आहेत.

असें झुडूप अंथुर्ण्याच्या एखाद्या परसांत रुजलें, तर त्यामुळें तालुक्याचें अर्थकारण बदलणार नाहीं. कालवा वाहत राहील, ऊंस वाढत राहील. परंतु ज्या वर्षीं पाऊस पाठ फिरवील आणि कालव्याचें आवर्तन लांबेल, त्या वर्षींही न्हाणीच्या पाण्यावर उभें राहून जें झाड घराला ठेच्यापुरती मिरची देईल, त्याची किंमत मंडईच्या भावानें करतां येत नाहीं. पुढल्या ज्येष्ठांत पालखी पुन्हां त्याच वाटेनें येईल. तोपर्यंत बुलबुलानें दोन-चार बिया कुंपणापलीकडे नेऊन टाकल्याच असतील; माणसांनीं आपल्या वांट्याच्या चार बिया राखल्या, म्हणजे झालें.